सहा फुटी भिंत आणि एक शहाबादी फरशी

आमच्या घराच्या कंपाऊंडची भिंत सहा फूट उंच असावी, हा हट्ट माझा. गवंडी चार फूट म्हणत होता. नवरा नेहमीप्रमाणे मध्ये पडून साडेचारवर तडजोड करायला निघाला होता. मी दोघांसमोर टेप धरून उभी राहिले आणि सांगितलं, की रस्त्यानं जाणाऱ्या उंटाचीसुद्धा मान आत डोकावता कामा नये. गवंडी म्हणाला, "बाई, कलबुर्गीत उंट कुठनं येतंय?" मी म्हटलं, "उंट येत नाही, माणसं येतात. तीच नकोत."

माणसं का नकोत, हे कळायला भालकीतली आमची गल्ली बघायला हवी. लग्न होऊन मी चिंताकीहून भालकीला आले ती बाजारामागच्या एका बोळात. दोन खोल्या, दार थेट बोळात उघडणारं, दाराशी दगडी कट्टा, आणि समोरचं घर इतकं जवळ की एखाद्या दिवशी त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून मी आमचा गॅस बंद करायची. फोडणीत मिरची जास्त पडली तर तिसऱ्या घरातून ठसका ऐकू यायचा आणि पाठोपाठ प्रश्न, "आज काय केलंय गं?" मी रडले तर गल्लीला कळायचं, हसले तर कळायचं. दोन्ही केलं नाही तर "कामून गप हायस?" म्हणत दोघी-तिघी आत येऊन बसायच्या. अठरा वर्षं माझं डोकं दुखत होतं. डोळे तपासून झाले, चष्मा लागला, पण डोकं काही थांबलं नाही.

त्या कट्ट्यावर बारा महिने माझे सासरे बसलेले असायचे. गल्ली त्यांना अप्पा म्हणायची, म्हणून मीही. अप्पांची सगळी नोकरी भालकी-उदगीर गाडीवर कंडक्टर म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर गाडी सुटली, पण प्रश्न सुटला नाही. कट्ट्यासमोरून कुणीही जाऊ दे, ओळखीचा असो की परका, अप्पा विचारायचे, "कुठं?"

आता बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारू नये, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. विचारलं की काम होत नाही. मग निघालेल्यानं माघारी यायचं, दोन मिनिटं टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. पण ज्यानं आयुष्यभर 'कुठं' विचारल्याशिवाय एक तिकीट फाडलं नाही, त्याला ही रीत कोण शिकवणार? सासूबाई होत्या तोवर आतून ओरडायच्या, "अवो, कुठं म्हनू नये!" त्या गेल्यावर त्या प्रश्नावर कुणाचा पहारा उरला नाही. रोज सकाळी मी लॅबला निघाले की अप्पांचं ठरलेलं, "कुठं जायलीस?" रोज! जशी काही मी आज लॅब सोडून हैदराबादला पळून जाणार होते. मी चरफडत माघारी फिरायची, पाणी प्यायची, कट्ट्याच्या टोकाला दोन मिनिटं टेकायची आणि उशिरा पोहोचून बोलणी खायची. रक्त-लघवी तपासणं हा माझा धंदा. छापील रिपोर्टाबाहेर कशावर विश्वास ठेवू नये अशी माझी शिकवण. पण 'कुठं' ऐकून तसंच पुढं जायची माझी छाती झाली नाही.

पुढं नवऱ्याची कलबुर्गीला बदली झाली. मलाही तिथल्या एका लॅबमध्ये काम मिळालं, आणि आम्ही गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये घर बांधलं. लेआउट म्हणजे कालपरवापर्यंत तूर पिकायची ते शेत. आता तिथं नंबर घातलेले दगड, विजेचे खांब आणि डब्यासारखी घरं. झाड नावाला नाही. ऊन मात्र सगळ्या प्लॉटना सारखं वाटलेलं. प्रत्येक घराला उंच भिंत, भिंतीला लोखंडी गेट आणि गेटवर 'कुत्र्यापासून सावध'. बहुतेकांकडं कुत्रा नव्हताच, पण सावध सगळे होते.

मला तर स्वर्गच मिळाला. पंधरा दिवसांत माझं डोकं दुखायचं थांबलं, अठरा वर्षांचं. सुटीच्या दुपारी दार उघडं टाकून झोपले तरी कुणी विचारायला नव्हतं. एकदा तर मी स्वयंपाकघरात मुद्दाम मोठ्यानं रडून पाहिलं. कारण काही नव्हतं, फक्त कुणी येतंय का बघायचं होतं. कुणी आलं नाही. इतका आनंद झाला की मी स्वतःपुरता शिरा केला.

नवऱ्याचं मात्र बोअरच्या पाण्याशी जमेना. क्षार इतका की बादलीला आठवड्यात पांढरी कड यायची, आणि कंगव्यात केसांचे पुंजके. हे केस पुढं आमच्या गोष्टीत कामाला येणार आहेत, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आणि अप्पा? अप्पांनी पहिल्याच आठवड्यात आपली सोय करून घेतली. घरात फरशी बसवून एक लांबरुंद शहाबादी उरली होती. ती त्यांनी गवंड्याला गोड बोलून गेटबाहेर, भिंतीला लागून, दोन दगडांवर टाकून घेतली. झाला कट्टा. महिनाभरात तिथं माणसं उगवली. पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, सिलिंडर आणून देणारा, आणि आळंदकडच्या एका खेड्यातून रोज पालेभाजीची पाटी घेऊन येणारी भाजीवाली. भाजीवाली मराठी बोलायची, म्हणून अप्पांना ती लेकीसारखी. पाटी उतरवून ती आधी अप्पांशी बोलायची, मग भाजी विकायची. चौथा कुणी आला की अप्पा हात हलवत म्हणायचे, "फुडं सरका, फुडं सरका, फुडं जागा हाय." आणि फरशीवरची माणसं खरंच सरकायची.

मी आतून ऐकायची आणि दात-ओठ खायची. भिंतीच्या नव्या रंगावर पानाचे दोन डाग पडले, तेही गिळले. पण एक दिवस मी गेट उघडते तर टँकरवाला हसून म्हणतो, "क्या भाभी, आज मूली पकाए क्या?" मुळ्याचा वास सहा फुटांवरून उडी मारून गेला होता! माझ्या कपाळात ती जुनी ओळखीची कळ उठली. म्हणजे भालकीची गल्ली माझा पत्ता शोधत इथवर आली होती तर.

त्याच रविवारी मी दोन मजुरांकडून फरशी उचलून आत पोर्चमध्ये घेतली. अप्पांना म्हटलं, "बाहेर ऊन फार लागतं तुम्हाला. इथं सावली आहे, पंखा पण लावते." खोटं बोलत नव्हते, ऊन होतंच. पण खरंही बोलत नव्हते, आणि ते अप्पांना कळलं असणार. ते फक्त "बरं" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं उत्तर एका शब्दात संपलं आणि मला त्यात माझा विजय दिसला.

त्यानंतर अप्पा रोज सकाळी पोर्चमध्ये त्याच फरशीवर, पंख्याखाली, भिंतीकडं तोंड करून बसू लागले. भिंत नवी होती, मलई रंगाची. तिच्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. बाहेरून टँकरचा हॉर्न यायचा, भाजीवालीची हाळी यायची. तिनं एक-दोनदा गेट वाजवलंही असेल, पण गेट जाड पत्र्याचं, बाहेरून आतलं काही दिसत नाही. मी दिवसभर लॅबमध्ये. अप्पा उठून उघडतील असं तिला वाटलं असेल. अप्पा उठले नाहीत.

एका सकाळी मी लॅबला निघाले, गेटपाशी पोहोचले आणि लक्षात आलं की काहीतरी राहिलंय. डबा होता, चष्मा होता, मोबाईल होता. रिक्षात बसल्यावर कळलं, अप्पांनी 'कुठं' विचारलंच नव्हतं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, सासूबाईंची शिकवण लागू पडली. त्या आठवड्यात मी रोज वेळेवर पोहोचले आणि साहेबांनी माझं कौतुक केलं.

मग रोज दाढी करणाऱ्या अप्पांच्या गालावर चार-चार दिवसांचे खुंट दिसू लागले. एकाच सदऱ्यावर आठवडा जाऊ लागला. ज्वारीची भाकरी ताटात तशीच. विचारलं तर "भूक न्हाई." दिवसा झोप, संध्याकाळी झोप, आणि मधल्या वेळात भिंत. घरातलं कुणी बोलवायला गेलं तर कूस बदलायचे, तीही भिंतीकडं. होस्टेलवर राहणाऱ्या आमच्या मुलीनं फोन केला तर दोन शब्द बोलून फोन माझ्या हातात द्यायचे. तिच्या मते आजोबा आणि फोन ही धोक्याची जोडी होती, एकदा धरला की बॅटरी संपेपर्यंत सुटका नाही. तीच मला म्हणाली, "आई, आजोबांना काय झालंय?"

मी घाबरले. घाबरले की मी सुई काढते. अप्पांचं रक्त मी स्वतः घेतलं, आणि लॅबमध्ये जे-जे तपासता येतं ते सगळं तपासलं. साखर, थायरॉईड, व्हिटॅमिन, किडनी, लिव्हर. सगळं नॉर्मल. माझ्यापेक्षा चांगला रिपोर्ट! मी कागद हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले आणि या खेपेस खरंच रडले. कुणी आलं नाही. आता त्याचा आनंद झाला नाही.

मनाच्या डॉक्टरकडं न्यायचं म्हटल्यावर नवरा दोन दिवस "लोक काय म्हणतील" करत बसला. मी म्हटलं, "कुठले लोक? सहा फुटांच्या आत आहे कोण?" मग आम्ही अप्पांना घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, कन्नड-मराठी दोन्ही बोलायचे. अप्पांना त्यांनी झोप, भूक, बायको, नोकरी सगळं विचारलं. अप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरला उत्तरं दिली. मग डॉक्टर माझ्याकडं वळले. "हे दिवसभर कुठं बसतात?"

"पोर्चमध्ये. पंखा आहे."

"समोर काय दिसतं?"

"भिंत."

"भिंतीपलीकडं?"

"रस्ता."

"मग रस्ता दिसत नाही का?"

"कसा दिसेल? भिंत आहे ना!" मी चिडून म्हटलं, आणि ऐकताना ते मलाच मूर्खासारखं वाटलं. डॉक्टर म्हणाले, भिंत किती उंच? मला वाटलं, हा मनाचा डॉक्टर की गवंडी? त्यांनी थोड्या दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "गोळ्या देतोय, पण यांना माणसं दिसू द्या." घरी येताना मी रिक्षात नवऱ्याला ऐकवत होते, की त्या भिंतीनं माझं अठरा वर्षांचं डोकं बरं केलंय, ती भिंत आजारी कशी पाडेल? अप्पा रिक्षातून बाहेर बघत होते, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांची मान रस्त्यासोबत वळत होती. ते मी पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं, हे आज कबूल करते.

आता ते केस. गळून गळून नवऱ्याच्या डोक्यावर इतके कमी उरले, की न्हाव्यानं सल्ला दिला, एकदा चकोट करा, नवे जोमानं येतील. त्यानं शनिवारी संध्याकाळी डोकं साफ करून घेतलं आणि तसाच चालत घरी आला. आमच्या घरात मयतीला डोकं काढायची रीत नाही. पण रस्त्यानं बघणाऱ्याला हे कुणी सांगायचं?

रविवारी अकराच्या सुमारास बेल वाजली. गेट उघडते तर समोर भाजीवाली. आज पाटी नव्हती. कपाळापर्यंत पदर, हातात फडक्यात बांधलेलं टोपलं. मागं तिच्या गावाकडच्या दोघी, आणि डोक्याला रुमाल बांधून, मान खाली घालून उभा असलेला टँकरवाला. मी काही विचारायच्या आत तिनं माझ्या गळ्यात पडून टाहो फोडला, "अगं माझे माय, देवासारखं मानूस गेलं की गं!"

मला वाटलं माहेराहून, चिंताकीहून काही निरोप आला, माझे वडील गेले. तेवढ्यात आवाज ऐकून नवरा बाहेर आला. चकचकीत डोकं, उन्हात. ते बघून भाजीवालीचा आवाज दुप्पट झाला, "लेकरानं डोस्कं बी काढलं की गं! आमाला सांगितलं बी न्हाई!" आणि तिनं टोपल्याचं फडकं सोडलं. आत पिठलं आणि ज्वारीच्या भाकऱ्या. ज्या घरात मयत होतं त्या घरात चूल पेटत नाही. मग शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेऊन घरच्यांना बसवून खाऊ घालतात. कडू घास म्हणतात त्याला. या लेआउटमध्ये आमचे शेजारी कोण, हे मला त्या दिवशी कळलं.

मी तोंड उघडणार एवढ्यात मागं दार वाजलं. गोंगाटानं अप्पांची झोपमोड झाली होती. पांढरे खुंट, चुरगळलेला सदरा, ते उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "कोन गेलं?"

टँकरवाला एक पाऊल मागं सरकला. भाजीवालीचा टाहो मध्येच तुटला. तिनं पदर डोळ्यांवरून काढला, परत लावला, परत काढला.

"तुमीच की, अप्पा."

"मी?" अप्पा विचारात पडले. "कव्हा?"

"दोन म्हैनं झालं फरशी उचलली. तुमी दिसंनासं झालाव. गेट वाजवलं तर कुनी उगडंना. आन काल ह्यांचं डोस्कं बगितलं..."

अप्पांनी लेकाच्या डोक्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग टोपल्यात डोकावले. "पिठलं हाय व्हय? मग वाढ की. थंड व्हायलंय."

आणि ते पोर्चमधल्या फरशीवर बसले. टोपल्यातला कांदा बुक्कीनं फोडला. मेलेल्या माणसाला स्वतःचा कडू घास खाताना मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी अर्धी. टँकरवाला अजून गेटपाशीच उभा होता, त्याला हात हलवून म्हणाले, "फुडं सरका, फुडं जागा हाय." सगळे सरकले. भाजीवाली रडत होती, हसत होती, आणि मधून मधून अप्पांच्या दंडाला हात लावून खात्री करत होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिले. मला फार लाज वाटत होती आणि फार बरं वाटत होतं.

भाजीवाली म्हणाली, "चुकी झाली अप्पा, पदरात घ्या."

"लई न्हाई चुकलीस," अप्पा भाकरी मोडत म्हणाले. "निगालोच हुतो मी. कुनी कुठं म्हनून इचारलंच न्हाई. मग माघारी कसं फिरावं?"

ते हसत म्हणाले, आणि बाकीचेही हसले. मी तांब्या खाली ठेवला आणि आत गेले, कारण मला हसता येईना.

दुसऱ्याच दिवशी मी गवंड्याला बोलावलं. तो टेप घेऊन आला. "बाई, आता आठ फूट करायची का?" मी त्याला गप्प बसायला सांगितलं. स्वयंपाकघराच्या बाजूची भिंत सहा फूटच ठेवली. तिथं मी आजही माघार घेणार नाही, माझं डोकं माझं आहे. पण पोर्चसमोर फरशीच्या लांबीएवढी भिंत फोडली आणि त्या खिंडारात ती शहाबादी आडवी बसवली, अर्धी आत, अर्धी बाहेर. अप्पा तिच्यावर रस्त्याकडं पाय सोडून बसतात. लेआउटमधले काही लोक म्हणतात, घराची शोभा गेली. म्हणोत. भाजीवाली आता पाटी थेट फरशीवरच उतरवते, आणि आमच्या घरी काय शिजतंय ते मला विचारत नाही, अप्पांनाच विचारते. ते सगळं सांगतात.

गोळ्या संपल्या. अप्पा रोज दाढी करतात. रोज सकाळी मी निघाले की "कुठं जायलीस?" मी माघारी फिरते, पाणी पिते, फरशीवर दोन मिनिटं टेकते आणि लॅबला उशिरा पोहोचते. साहेबांनी कौतुक करणं सोडून दिलंय.

तरी सगळेच दिवस सारखे नसतात. परवा दुपारी घरी आले तर फरशी रिकामी. अप्पा आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले होते, डोळे उघडे. हातात सुई घ्यायचा मोह झाला, नाही असं नाही. मग मी दारात उभी राहिले आणि जन्मात कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"अप्पा, कुठं निघालाव?"

ते हळूहळू उठून बसले, माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "पानी दे."